गांवचा डॉक्टर, शहरांतील तज्ज्ञ आणि मधली चिठ्ठी

वैद्यकशास्त्र जसजसें वाढत गेलें तसतसें तें एका माणसाच्या डोक्यांत मावेनासें झालें. पूर्वीं घरचा वैद्य नाडी पाही, चाटण देई आणि प्रसंगीं मुलीच्या लग्नाविषयीं सल्लाहि देई. आज डोळ्यांचा डॉक्टर निराळा, हृदयाचा निराळा, आणि हाडांतहि गुडघ्याचा एक व कण्याचा दुसरा. ज्ञानाची ही वांटणी अपरिहार्य आहे. तिच्याविषयीं तक्रार करण्यांत अर्थ नाहीं. परंतु ज्ञान वांटलें गेलें तरी रोगी मात्र एकच राहतो. त्याचा मधुमेह एकाच्या वहींत, मूत्रपिंड दुसऱ्याच्या आणि डोळ्यांचा पडदा तिसऱ्याच्या, असें झालें म्हणजे या तिघांमध्यें निरोप कोणी पोंचवावयाचा, हा प्रश्न उभा राहतो. खाटेवर पडलेल्या रोग्याभोंवतीं निदान हे सर्व वैद्य एकत्र येतात. जो रोगी चालत येतो आणि औषध घेऊन चालत घरीं जातो, त्याच्या बाबतींत निरोप्याचें काम बहुधा त्याच्या हातांतील पिशवी करते. तुळजापूर किंवा उमरगा येथील कोणत्याहि दवाखान्याच्या बांकावर अशी पिशवी दिसते. तींत जुने केसपेपर असतात, क्ष-किरणांच्या फिल्मा असतात, रक्ततपासणीचे कागद असतात आणि संपलेल्या गोळ्यांचीं रिकामीं पाकिटें असतात. डॉक्टरनें ती उपडी करावी आणि त्यांतून रोग्याचा इतिहास जुळवावा, अशी अपेक्षा असते. बाहेर साठ माणसें खोळंबलेलीं असतांना हें कितपत घडतें, तें सांगावयास नको.

जर्मनींत या प्रश्नाचीं उत्तरें बरींच शोधून झालीं आहेत, आणि त्यांतलीं कांहीं फसलींहि आहेत. म्हणूनच तीं पाहण्यासारखीं आहेत. बिस्मार्कच्या कारकीर्दींत, १८८३ सालीं, तेथें कामगारांसाठीं सक्तीच्या आजारविम्याचा कायदा झाला, व पुढची सर्व उभारणी या विमामंडळांभोंवतीं झाली. घरच्या डॉक्टरास तेथें 'हाउसआर्ट्स्ट' म्हणतात आणि एकाच शाखेच्या तज्ज्ञास 'फाखआर्ट्स्ट'. हा तज्ज्ञ रुग्णालयांतच बसतो असें नाहीं. पुष्कळदां तो आपला स्वतंत्र दवाखाना घालून घरच्या डॉक्टराच्याच रस्त्यावर बसलेला असतो, आणि बहुतेक शाखांच्या तज्ज्ञांकडे रोग्यास थेट जातां येतें. मोकळीक चांगली खरी. पण तिच्यापोटीं एकच तपासणी दोनदां होते आणि दोन तज्ज्ञांनीं दिलेलीं औषधें एकमेकांशीं भांडूं लागतात.

यावर २००४ सालीं एक तोड काढण्यांत आली. दर तिमाहींत डॉक्टराच्या पहिल्या भेटीला दहा युरो द्यावयाचे. मात्र त्याची चिठ्ठी घेऊन तज्ज्ञाकडे गेल्यास तेथें पुन्हां कांहीं द्यावें लागणार नाहीं. लोक आधीं घरच्या डॉक्टराकडे जातील व त्याच्या विचारानें पुढें जातील, अशी कायदा करणाऱ्यांची अटकळ होती. लोक व्यवहारी निघाले. तिमाहीच्या आरंभींच ते तीन-चार तज्ज्ञांच्या नांवानें चिठ्ठ्या मागून घेऊं लागले. चिठ्ठ्यांची संख्या वाढली आणि चिठ्ठीमागचा विचार तेवढा नाहींसा झाला. १ जानेवारी २०१३ पासून हें शुल्क रद्द झालें.

दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा होता. ज्याची इच्छा असेल त्यानें एका घरच्या डॉक्टराकडे नांव नोंदवावें. डोळ्यांचा डॉक्टर व स्त्रीरोगतज्ज्ञ वगळतां इतरांकडे त्याच्याच चिठ्ठीनें जावें. आणि त्या डॉक्टरास दर भेटीला नव्हे, तर नोंदलेल्या माणसामागें ठरीव मोबदला मिळावा. नैर्ऋत्येकडील बाडेन-वुर्टेमबर्ग प्रांतांत २००८ सालापासून ही योजना मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. डॉक्टरास माणसाला वारंवार बोलावण्यांत लाभ उरला नाहीं; त्याला नीट ओळखण्यांत लाभ आला. तज्ज्ञाकडून परत येणाऱ्या पत्रालाहि तेथें मान आहे. रोग्याच्या संमतीनें तज्ज्ञ आपलें निदान व सल्ला घरच्या डॉक्टरास लिहून कळवितो. जर्मनीचें ऐश्वर्य धाराशिवला आणतां येणार नाहीं; पण पत्राचें उत्तर देण्यास ऐश्वर्य लागतें असें नाहीं.

आपल्याकडे हा विचार नवा नाहीं. सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालीं जो अहवाल दिला, त्यांत खेड्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर मोठें रुग्णालय आणि त्यावर जिल्ह्याचें रुग्णालय अशी चढती रचना सुचविली होती. त्या वेळीं हा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. सप्टेंबर १९४८ नंतर तो भारतीय संघराज्यांत आला आणि पुढें रचनाहि आली. १९७५ सालीं श्रीवास्तव समितीनें आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. नुसत्या पायऱ्या बांधून भागत नाहीं. प्राथमिक केंद्र, जिल्हा रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय यांच्यामध्यें रोगी वर पाठविण्याची आणि परत खालीं पोंचविण्याची व्यवस्था असली पाहिजे, असें तिचें म्हणणें होतें. पहिला अर्धा भाग सर्वांनीं उचलला. रोगी वर पाठविणें सोपें असतें. चिठ्ठीवर 'पुढील उपचारांसाठीं सिव्हिलला पाठवीत आहें' एवढें लिहिलें, तारीख घातली, कीं जबाबदारी संपली. कोणत्या संशयानें पाठविलें, कोणतें औषध आधीं दिलें, तज्ज्ञानें नेमक्या कोणत्या प्रश्नाचें उत्तर द्यावें, यांतील एक अक्षरहि पुष्कळदां त्या कागदावर नसतें. मग तज्ज्ञ पहिल्यापासून सुरुवात करतो, रोग्याचे दोन दिवस व रक्ताच्या दोन नळ्या खर्ची पडतात, आणि परत जातांना त्याच्या हातीं जो कागद पडतो तो गांवच्या डॉक्टरास उद्देशून लिहिलेलाच नसतो.

धाराशिव जिल्ह्याच्या बाबतींत भूगोलहि आडवा येतो. आठ तालुक्यांचा हा जिल्हा बालाघाटाच्या पठारावर लांबट पसरलेला आहे. परंड्याच्या माणसाला सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी ही धाराशिवपेक्षां कितीतरी जवळ. तुळजापूर-नळदुर्गाकडील माणूस सोलापुरास जातो. कळंबचा लातूर किंवा अंबाजोगाई गांठतो. सोलापूरचें वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चें. धाराशिवला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें तें २०२२ सालीं. तोंपर्यंतच्या पिढ्यांना तज्ज्ञ म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यांतला माणूस असेच वाटत आले. कागदावरची पायरी धाराशिवकडे जाते आणि एस. टी. बार्शीकडे जाते, अशा वेळीं रोगी एस. टी.चें ऐकतो, आणि त्यांत त्याचें कांहीं चुकतें असें म्हणतां येणार नाहीं.

गंमत अशी कीं, गांव आणि तज्ज्ञ यांना जोडण्याचा या जिल्ह्यांतील सर्वांत मोठा प्रयोग या बार्शीच्या रस्त्यानेंच झाला. बार्शीला नर्गिस दत्त स्मृति कर्करोग रुग्णालय आहे. तेथील डॉ. भगवान नेने यांच्या पुढाकारानें, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्यानें, १९८७ सालीं ग्रामीण भागांतील कर्करोग्यांची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण लोकवस्तीची अशी नोंदवही भारतांत ही पहिलीच. तिच्या क्षेत्रांत बार्शीबरोबर धाराशिव जिल्ह्यांतील परंडा व भूम हे तालुकेहि घेतले होते. शहरांतील नोंदवही रुग्णालयांतून माहिती गोळा करते; खेड्यांत रुग्णालयच नाहीं तेथें काय गोळा करणार? म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गांवोगांव हिंडत, लोकांना रोगाचीं लक्षणें समजावून सांगत आणि संशय येईल त्याला रुग्णालयांत आणीत. कांहीं वर्षांतच असें दिसून आलें कीं, गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगानें पीडित बायका पूर्वींपेक्षां लौकर, रोग आवांक्यांत असतांनाच, येऊं लागल्या. नवें यंत्र आणलें नव्हतें कीं नवें औषध. गांव आणि तज्ज्ञ यांमध्यें एक ओळखीचा माणूस तेवढा उभा राहिला होता.

याच पायावर १९९९ च्या ऑक्टोबरपासून धाराशिव (तेव्हां उस्मानाबाद) जिल्ह्यांत मोठी चांचणी झाली. फ्रान्समधील लिऑं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन्, बार्शीचे डॉ. नेने आणि टाटा केंद्राचे डॉ. शास्त्री प्रभृति मंडळींनीं ती चालविली. गांवांचे ५२ गट पाडून, ३० ते ५९ वर्षें वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया तींत घेण्यांत आल्या. एका विभागांत एच. पी. व्ही. या विषाणूची तपासणी, दुसऱ्यांत पेशींची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी, तिसऱ्यांत गर्भाशयमुखास पातळ ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनीं पाहणें, अशी विभागणी होती. चौथ्या विभागांत आरोग्यशिक्षण दिलें, पण तपासणी केली नाहीं. 

हा कर्करोग एकाएकीं होत नाहीं. विषाणूचा संसर्ग झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षें किंवा अधिकच जातात, आणि मधल्या काळांत पेशींमध्यें जे बदल होतात ते दवाखान्यांतल्या दवाखान्यांत काढून टाकतां येतात. म्हणजे हा रोग मुळांत बाह्यरुग्ण विभागाचा आहे. तो शस्त्रक्रियागृहांत पोंचतो तो मधली वर्षें कोणी न पाहिल्यामुळें. परंतु ज्या बाईला कांहींच दुखत नाहीं, तिनें शेतांतील खुरपणी टाकून बार्शीस कां जावें? चांचणी चालविणाऱ्यांनीं येथें एक साधी गोष्ट केली. त्यांनीं बाईला हलविण्याऐवजीं नमुना हलविला. कार्यकर्त्या घरोघर जाऊन बोलावीत. परिचारिका गांवांतच नमुना घेई. तो बार्शीच्या प्रयोगशाळेंत जाई. विषाणू-तपासणींत शंभरांतील सुमारें दहाच बायकांचा निकाल संशयास्पद आला. उरलेल्या नव्वदांना तज्ज्ञाचें तोंडहि पाहावें लागलें नाहीं. त्या दहांसाठीं डॉक्टरच भिंग घेऊन खेड्यांतील तात्पुरत्या दवाखान्यांत येत, आणि योग्य असेल तेथें गोठवून काढण्याचा उपचार तेथेंच करीत. ज्यांना खरोखरच कर्करोग निघाला, अशा थोड्या बायकांनाच शस्त्रक्रियेसाठीं वा किरणोपचारांसाठीं बार्शीस जावें लागे, आणि त्यांचें पुढें काय झालें तें नोंदवहींत उमटत असे. वर जाणारी वाट, खालीं येणारी वाट आणि दोहोंवर नजर ठेवणारी वही, असें तिन्ही एकत्र होतें.

निकाल एप्रिल २००९ मध्यें 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. आयुष्यांत एकदांच केलेल्या विषाणू-तपासणीनें, आठ वर्षांच्या अवधींत, या रोगानें होणारे मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांपैकीं ६४ दगावल्या. विषाणू-तपासणीच्या विभागांतील ३४,१२६ पैकीं ३४. उरलेल्या दोन पद्धतींनीं असा निश्चित लाभ दिसला नाहीं. जगभरच्या तज्ज्ञमंडळींनीं हा निकाल उचलून धरला, आणि जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं विषाणू-तपासणीस अग्रक्रम दिला त्यामागें जो पुरावा आहे, त्यांत उस्मानाबादच्या या बायकांचा वांटा आहे.

त्या चौसष्ट बायकांविषयीं मात्र दोन शब्द बोलणें प्राप्त आहे. तपासणीनें रोग टळतो हें श्रीमंत देशांत ठाऊक असतांना हजारों बायकांना तपासणीवांचून ठेवणें योग्य होतें काय, असा आक्षेप पुढें परदेशांतील डॉक्टरांनींच घेतला. चालकांचें उत्तर असें कीं, त्या काळीं या भागांत कोणत्याच बाईची तपासणी होत नव्हती, आणि या बायकांना नेहमींची सेवा व माहिती मिळतच होती. उत्तर खोटें नाहीं. पण 'येथें कांहींच नव्हतें' ही सबब ज्या जिल्ह्याविषयीं देतां येते, त्या जिल्ह्यानें तिच्यावर समाधान मानावें असें नाहीं.

चिठ्ठीचा उपयोग केवळ तज्ज्ञापर्यंत पोंचविण्याचा नाहीं. तज्ज्ञापासून वांचविण्याचाहि आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यांत ऊंसतोडणीस जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचा बोभाटा २०१९ सालीं झाला. विधानपरिषदेच्या तेव्हांच्या उपसभापति डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. सुमारें ८२,००० बायकांच्या पाहणींत १३,००० हून अधिक बायकांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. अंगावरून पांढरें जाणें, पोटांत दुखणें अशा तक्रारी घेऊन बाई थेट खासगी रुग्णालयांत जाई, आणि 'कॅन्सर होईल' या भयानें पिशवी काढवून घेई. मध्यें असा कोणी डॉक्टर नव्हता, जो म्हणेल कीं आधीं दोन आठवडे औषध घेऊन पाहूं. पुढें अशा शस्त्रक्रियेपूर्वीं जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेण्याचें बंधन आलें. हें काम खरें तर घरच्या डॉक्टराचें. तो नसला म्हणजे तें सरकारी शिक्क्याला करावें लागतें.

घरचा डॉक्टर नाहीं तेथें त्याचें कांहीं काम गांवांतलीच बाई करूं शकते, हें दाखविणारें उदाहरण तुळजापूर तालुक्यांत आहे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील अणदूर येथें डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं हॅलो मेडिकल फाउंडेशन ही संस्था उभी केली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानें उमरगा-लोहारा भाग उद्ध्वस्त झाला, त्या सुमारास संस्थेचें काम फैलावलें. खेड्यांतील बायकांना शिकवून 'भारतवैद्य' करावयाचें, हा तिचा मुख्य उपक्रम. याच्या आधीं, १९७० पासून, भूम तालुक्याला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं तोच मार्ग चोखाळला होता. अशा बाईला सर्व रोग बरे करतां येत नाहींत आणि तसें कोणी म्हणतहि नाहीं. कोणता ताप गोळीनें उतरेल आणि कोणता आजच्या आज मोठ्या दवाखान्यांत न्यावयास हवा, एवढें तिला कळलें तरी पुष्कळ झालें. आणि रोगी परतल्यावर तो गोळ्या घेतो कीं नाहीं, हें तिला कोणत्याहि तज्ज्ञापेक्षां अधिक ठाऊक असतें, कारण ती त्याच्या शेजारीं राहते. २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानें साधारण हजार लोकवस्तीमागें एक 'आशा' नेमली, तिच्या कल्पनेंत जामखेडसारख्या प्रयोगांचा अंश आहे.

सरकारी रचनेंत आतां साधनें पूर्वींपेक्षां बरींच आहेत. मैदानी भागांत पांच हजारांमागें उपकेंद्र, तीस हजारांमागें प्राथमिक केंद्र, वर ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयें असें प्रमाण ठरलेलें आहे. जानेवारी २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसेहि पडत नाहींत. २०१९ सालीं 'ई-संजीवनी' निघाली. तींत उपकेंद्रावरील आरोग्य अधिकारी पडद्यावर दूरच्या डॉक्टराशीं बोलतो आणि रोगी मध्यें बसलेला असतो. कातडीचा विकार किंवा जुना रक्तदाब यांसाठीं ही सोय उत्तम आहे. पोटावर हात ठेवून पाहावें लागतें अशा दुखण्यांत मात्र तिला मर्यादा आहेत. शिवाय जिल्ह्यांतील पुष्कळ माणसें पहिल्यांदां जातात तीं सरकारी केंद्रांत नव्हे, तर बाजारपेठेंतील खासगी डॉक्टराकडे, आणि हे डॉक्टर बहुधा आयुर्वेदाचे वा होमिओपॅथीचे पदवीधर असतात. घरचा डॉक्टर म्हणून लोक ज्याला मानतात तो हाच. सरकारी चिठ्ठीच्या साखळींत त्याला कोठेंच जागा नाहीं. त्यानें लिहिलेली चिठ्ठी सिव्हिलमध्यें कोणी वाचीलच असें नाहीं, आणि तिला उत्तर तर बहुधा येतच नाहीं. जर्मनींत जें पत्र घरच्या डॉक्टराच्या टेबलावर येऊन पडतें, त्याला येथें पत्ताच नाहीं.

याहून अवघड गोष्ट ऋतूची आहे. दसरा-दिवाळी झाली कीं या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊंसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. ज्या माणसाचा रक्तदाब प्राथमिक केंद्रांत नोंदला आहे, त्याचें उपचारकार्ड केंद्राच्या कपाटांत राहतें आणि माणूस चार-पांच महिने सांगलीच्या फडांत असतो. सप्टेंबर २०२१ मध्यें केंद्र सरकारनें आरोग्याची डिजिटल योजना देशभर सुरू केली. तींत प्रत्येकास चौदा आंकड्यांचा क्रमांक मिळतो, आणि त्याच्या संमतीनें त्याचे कागद दुसऱ्या दवाखान्यांत उघडतां येतात. जर्मनींतहि, जो नकार देणार नाहीं अशा प्रत्येक विमेदारासाठीं, २०२५ पासून असेंच इलेक्ट्रॉनिक दप्तर सुरू झालें आहे. क्रमांक सांगलीच्या डॉक्टरास दिसेल. पण त्यामागें वाचण्याजोगें कांहीं असावयाचें, तर तें धाराशिवच्या डॉक्टरानें आधीं लिहिलेलें असलें पाहिजे. तोंपर्यंत फडावर निघतांना आशाताईनें दोन महिन्यांच्या गोळ्या, औषधाचें नांव व मात्रा मराठींत लिहिलेला एक कागद, आणि परतण्याची तारीख एवढें गांठीं बांधून दिलें, तर रक्तदाबाचा रोगी कोयत्याबरोबर तोहि नेऊं शकेल.